अठरा ठोकळ्यांची हजेरी

माझा धंदा एका वाक्यात सांगता येत नाही. लग्नानंतर सुरुवातीची काही वर्षं बायकोने माहेरी "त्यांचं मशिनरीचं काहीतरी आहे" एवढ्यावरच वेळ मारून नेली. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर मी 'क्रेन' असं लिहिलं, तेव्हा वर्गशिक्षिकेने तिला विचारलं, "तुझे बाबा टॉवर बांधतात का गं?" मुलगी म्हणाली, "नाही, बाबा गच्चीवर जाऊन दोरी सोडतात." तिचं उत्तर माझ्या फॉर्मपेक्षा खरं होतं.

उपनगरांत इमारती उंच होत गेल्या, जिने मात्र होते तेवढेच अरुंद राहिले. जिन्यातून जे वळत नाही आणि लिफ्टमध्ये जे मावत नाही, ते बाहेरून वर चढवायचं किंवा खाली उतरवायचं, हे आमचं काम. रेती, विटा, पाण्याच्या टाक्या, सोलर पॅनल, सोफे, कपाटं. एकदा तर अंधेरीच्या एका हौशी माणसाची जुनी बुलेट. त्याला ती सातव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये शोभेला ठेवायची होती. रस्ता अडवून उभी राहते ती मोठी क्रेन आमच्या गल्ल्यांत शिरत नाही, आणि शिरली तर वरच्या वायरी आणि खालच्या गाड्या यांच्यामध्ये फसते. म्हणून ही छोटी क्रेन. तिचे भाग सुटे करून खांद्यावरून गच्चीवर न्यायचे, वर जोडायचे, काम झालं की पुन्हा सुटे करून खाली. मजूर तिला 'मंकी' म्हणतात, कारण ती कुठेही चढते. चढवतो आम्ही, नाव तिचं.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांनी बागेतला सी-सॉ आठवावा. गच्चीच्या कठड्याबाहेर क्रेनची मान, मानेवरून खाली सोडलेला वायररोप, त्याला हुक. तो गुंडाळायला मोटर. आणि मागे, गच्चीच्या आतल्या बाजूला, लांब शेपटी. त्या शेपटीवर वजन ठेवायचं, म्हणजे पुढे कपाट लटकलं तरी मशीन कपाटाच्या मागोमाग खाली उडी मारत नाही. गंमत अशी, की माल वर जात असताना सगळी सोसायटी हुककडे बघत असते. बाल्कन्यांत माणसं, मोबाइल वर. शेपटीकडे कुणी बघत नाही, आणि मशीन उलटतं ते नेहमी शेपटीच्या चुकीने.

आमच्या शेपटीवर अठरा ठोकळे असत. ओतीव लोखंडाचे, प्रत्येकी पंचवीस किलोचे, वर उचलायला कडी. प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटने एक ते अठरा आकडे. हे आकडे पास्कलने काढले होते.

पास्कल माझा पार्टनर. अंधेरीच्या एका जुन्या गावठाणातला. त्याच्या आजोबांची भातशेती जिथे होती तिथे आता काचेची ऑफिसं आहेत, आणि त्यांतल्या दोन ऑफिसांचे एसी आम्हीच चढवले. आम्ही दोघं एकाच कारखान्यात विंच, म्हणजे दोर गुंडाळायची यंत्रं, जोडायच्या कामाला होतो. माझे वडील गिरणीत होते, गिरणी कशी बंद पडली ही गोष्ट आमच्या घरी मालवणी जेवणाबरोबर रोज वाढली जायची. त्यामुळे कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. पास्कल म्हणाला, "दत्तू, रडून काय होणार रे? एक मशीन आपण घेऊ." तसं ते घेतलं. माणूस एकवचनी, शिस्तीचा आणि तोंडाने फाटका. उंचीला घाबरत नव्हता, पण घाबरत नाही असं कधी म्हणायचाही नाही. म्हणायचा, "घाबरणारा माणूस बेल्ट नीट लावतो."

ठोकळ्यांची हजेरी ही त्याचीच पद्धत. रोज पहिला माल उचलण्यापूर्वी एकाने मागे जायचं, प्रत्येक ठोकळ्याला हात लावून आकडा मोठ्याने म्हणायचा. नुसतं नजरेने मोजायचं नाही. कठड्याशी उभा असलेला दुसरा मग विचारणार, "मागे किती?" उत्तर, "अठरा!" मग मागचा विचारणार, "पुढे किती?" पुढचा सांगणार, "मी एकटा!" म्हणजे कठड्याजवळ दुसरं कुणी बघ्या नाही. हे झाल्याशिवाय मोटरचं बटण दाबायचं नाही. बिल्डिंगमधली पोरं आम्हाला हसायची, चिडवायची. पास्कलला फरक पडत नसे.

आमच्या टेम्पोचा हँडब्रेक पहिल्यापासून ढिला. उतारावर गाडी लावली की ड्रायव्हर चाकाखाली एखादा ठोकळा सरकवायचा. पास्कल तो बघायचा आणि भडकायचा. "हजेरीतला माणूस पानाच्या टपरीवर पाठवू नको रे!"

खंडेनवमीला आम्ही मशीनला हार घालतो, नारळ फोडतो. पास्कल कॅथलिक, पण त्या दिवशी न चुकता यायचा, अजूनही येतो. झेंडूची मोजून अठरा फुलं घेऊन. प्रत्येक ठोकळ्यावर एक फूल. आमच्या भटजींनी एकदा त्याला विचारलं की ही कुठली प्रथा? तो म्हणाला, "ही आमच्या खात्याची."

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. घाटकोपरच्या एका मंडळाने दहीहंडीच्या आधी बोलावलं. मला वाटलं हंडी बांधायची असेल. कार्यकर्ते म्हणाले, "हंडी नाही हो, पाहुणे! पाचव्या मजल्यावरून हुकवर बसवून स्टेजवर उतरवायचे. एकदम झकास एन्ट्री!" मी म्हटलं, आमच्या हुकाला माणूस लावत नाहीत. ते म्हणाले, पाहुण्यांचं वजन कमी आहे. पास्कलने त्यांना शांतपणे सांगितलं, "वजनाचा प्रश्न नाय. कपाट वर असताना हात हलवत नाय, पाहुणा हलवणार." काम गेलं. मंडळाने तो प्रकार पुढे केला की नाही ते ठाऊक नाही.

उलट बोरीवलीला एका गुजराती घरातला पितळी कड्यांचा झोपाळा बाराव्या मजल्यावर चढवला. घरातल्या बा खाली उभ्या राहून झोपाळा नजरेआड होईपर्यंत वर बघत होत्या. मग लिफ्टने वर आल्या, चारही कड्या तपासल्या आणि मला म्हणाल्या, "बेसो. पहिला झोका तुमचा." सबंध धंद्यात मला मिळालेला तो एकमेव झोका. मशीनवाल्याला इतक्या मानाने कुणी वागवत नाही, म्हणून लक्षात राहिला.

पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला जे पहिल्यांदा आठवलं ते यातलं काहीच नव्हतं. मुलुंडची एक इमारत आठवली. जी गोष्ट मी अकरा वर्षं कुणाला सांगितली नाही, ती आता सांगून झाली आहे, म्हणूनच लिहायची हिंमत होते.

इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. मे महिना. पावसाच्या आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकायचं होतं. विटांचे तुकडे, रेती, सिमेंट वर चढवायचं आमच्याकडे. मे महिन्यात अर्धे मजूर गावी गेलेले असतात. माझी कंबर त्या आठवड्यात धरलेली. मशीनचे भाग कसेबसे वर गेले, आणि अठरा ठोकळे चार जिने चढवायचे या विचारानेच मला घाम फुटला. गच्चीवर दोन निळे प्लास्टिकचे ड्रम पडले होते, दोनशे लिटरवाले. मी म्हटलं, "पास्कल, हे भरू या. दोन ड्रम म्हणजे चारशे किलो. वर दोन ठोकळे ठेवले की साडेचारशे. हिशेब बरोबर."

पास्कलने ड्रमवर टिचकी मारली. "दत्तू, लोखंड कुठे जात नाय रे. पाणी जातं."

"झाकण आहे ना त्याला!"

"मग रोज सकाळी झाकण उघडून बघायचं. बघणार ना?"

"बघीन रे बाबा."

तेव्हा पाणीकपात चालू होती. सेक्रेटरी नाखुशीनेच तयार झाले. टाकीतून नळी लावून ड्रम काठोकाठ भरून दिल्यावर गच्चीच्या दारातूनच ओरडले, "काम झालं की फेकू नका हं पाणी! झाडांना घाला!" तिथे चौथ्या मजल्यावरच्या पाटणकर काकू उभ्या होत्या. गच्चीच्या एका कोपऱ्यात त्यांची झाडं होती. तुळस, जास्वंद, कढीपत्ता, डब्यात लावलेला गवती चहा. त्यांनी मान डोलावली. हे पाणी म्हणजे पाणी नसून आमचं वजन आहे, हे त्यांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. ड्रमवर खडूने 'हात लावू नये' एवढं लिहायला काय लागतं? तेही सुचलं नाही.

पहिल्या दिवशी ड्रम माझ्यासमोर भरलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर ठणकत होती, वाकायचा कंटाळा आला. कठड्याकडून पास्कलने विचारलं, "मागे किती?" मी जिन्याच्या दारातूनच म्हणालो, "अठरा." तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी तर बोरीवलीचं गिऱ्हाईक फोनवर होतं. मी फोन कानाला लावूनच हात वर केला आणि म्हणालो, "अठरा, अठरा." तीन दिवस मी न बघता अठरा म्हणालो.

आमच्या भाषेत अठरा म्हणजे 'बघितलं'. पास्कल तो शब्द ऐकायचा आणि कठड्याशी जाऊन उभा राहायचा. त्याने वळून खात्री करायची नसते, तसा नियमच आहे. दोघांनी दोन्हीकडे बघायचं ठरवलं तर काम होत नाही. तो माझ्या शब्दावर उभा होता.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला विटांनी भरलेली बकेट वर येताना दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्याखाली अडकली. हे होतं. अशा वेळी वजन पुरेसं असलं की मोटर गुरगुरते आणि बंद पडते, मग बकेट थोडी खाली सोडून पुन्हा उचलायची. पण त्या दिवशी मोटर बंद पडण्याआधी शेपटी उचलली गेली. अख्खं मशीन पुढे सरकलं. पास्कलचा डावा पाय मशीनचा पाय आणि कठडा यांच्यामध्ये सापडला. बेल्ट होता म्हणून तो खाली गेला नाही. ओरडलाही नाही. त्याने फक्त म्हटलं, "दत्तू, मागे." मी धावत जाऊन शेपटीवर पडलो आणि माझ्या वजनाने ती खाली आली. बकेट छज्ज्याखालीच अडकून राहिली, खालची माणसं वाचली.

तेव्हा ड्रम पाहिले. एक अर्ध्यावर, दुसरा तळाला.

पास्कलचा गुडघा कायमचा गेला. ऑपरेशनं झाली, पाय राहिला, पण वाकत नाही. पन्नाशीचा माणूस, कुठल्याही गच्चीवर धावत चढणारा, त्या दिवसापासून तळमजल्याचा झाला. तक्रार नको असं त्यानेच सांगितलं.

सोसायटीने मात्र दुसऱ्याच संध्याकाळी कंपाउंडमध्ये मीटिंग भरवली. ड्रम कुणी रिकामे केले? पाटणकर काकू स्वतःहून पुढे आल्या. "मी घेत होते. सकाळी झाडांना. वरच्या नळाला पाणी चढत नाही, म्हणून दोन-तीन बादल्या घरातही नेल्या. शेजारच्यांनाही दिल्या." पाण्याचं वजन असतं हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. सेक्रेटरींचा आवाज चढला. "बाई, तुमच्या तुळशीपायी एक माणूस लंगडा झाला!" ज्यांनी त्यांच्याकडून बादल्या घेतल्या होत्या ते शेजारीही मान हलवत होते. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं: तपासायचं काम माझं होतं, आणि मी तपासलं नाही. ते वाक्य तोंडात आलं होतं. मी गिळलं.

हॉस्पिटलमध्ये पास्कलला मी सांगितलं, "बाईने पाणी काढलं रे." तो म्हणाला, "हं." त्याने पुढे काही विचारलं नाही आणि मी पुढे काही बोललो नाही. तो आता घरी बसून विंचच्या मोटरी दुरुस्त करतो, वायररोपचे फास बनवतो. उपनगरांतल्या निम्म्या मशीनवाल्यांचे फास त्याच्या हातचे असतात, आणि मी त्याच्या हातचा फास कधी तपासून घेत नाही, कारण गरजच पडत नाही. मी त्याला काम आणून देतो म्हणून लोक मला मोठ्या मनाचा म्हणतात. बायकोसुद्धा म्हणते. प्रत्येक खंडेनवमीला तो पाय ओढत येतो, एकेक फूल ठेवत मोजतो, आणि मी नारळ सोलायच्या निमित्ताने दुसरीकडे बघतो. या अकरा वर्षांत मला सर्वांत जास्त लाज वाटली ती त्या स्तुतीची.

त्यानंतर मी पाण्याचे ड्रम कधी वापरले नाहीत. पण खरं सांगायचं तर मोठ्याने हजेरी घेणंही सुटलं. पुढून विचारणारं कुणी राहिलं नाही. आता मशीनही नवं आहे, पुढचा भार जास्त झाला की भोंगा वाजतो. शेपटीवर काय आहे ते मात्र त्यालाही कळत नाही. मी आपला लांबून नजर टाकतो, ठीक वाटलं की बटण दाबतो.

यंदा उन्हाळ्यात फोन आला. मुलुंडची एक सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे, घरं रिकामी होत आहेत, चौथ्या मजल्यावरून एक सागवानी कपाट उतरवायचं आहे, जिन्यातून वळत नाही. पत्ता ऐकला, तीच इमारत. दुसऱ्या कुणाला काम द्यावं असं मनात आलं. मग वाटलं, आता तरी किती पळायचं?

माणसांनी मशीन वर नेऊन जोडलं, ठोकळे वाहिले. मी चौथ्या मजल्यावर बेल वाजवली. दार पाटणकर काकूंनी उघडलं. ऐंशीच्या जवळ आलेल्या, कमरेत वाकलेल्या. मला पाहून थांबल्या. "तुम्ही ते क्रेनवाले ना?"

"हो काकू."

"त्यांचा पाय कसा आहे?"

पहिला प्रश्न हाच. नमस्कार नाही, या-बसा नाही. मी म्हटलं, पाय वाकत नाही, पण माणूस ठणठणीत आहे, कामही करतो. त्यांनी मान हलवली, बसायला सांगितलं. घर जवळजवळ रिकामं झालं होतं, खोकी बांधलेली. गॅलरीत मातीच्या कुंड्या एकात एक घालून पालथ्या ठेवल्या होत्या. मी उगाचच विचारलं, "झाडं नाही लावलीत?"

"नाही. तेव्हापासून नाही." पदराने चष्मा पुसत त्या म्हणाल्या. "सगळी देऊन टाकली. तुळससुद्धा. लोक म्हणायचे, घरात तुळस नाही असं कसं? मी म्हणायचे, माझ्या हाताला लागत नाही. माणसाचा पाय गेला हो माझ्या तुळशीपायी. तिला पाणी घालायला मन होईना."

आता गिळायला काही उरलं नव्हतं. मी सांगितलं. ठोकळे न चढवता ड्रम भरायचं मी ठरवलं. पार्टनर नको म्हणत होता. रोज झाकण उघडून बघतो असं त्याला कबूल केलं होतं आणि एकदाही उघडलं नाही. रोज उघडलं असतं तर पहिल्याच सकाळी कळलं असतं, दोन बादल्या टाकून काम चालू राहिलं असतं. पाणी तुम्ही काढलंत, पण पाय माझ्या शब्दामुळे गेला.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "मीटिंगमध्ये ते मला बोलत होते तेव्हा तुम्ही तिथेच होतात."

"होतो."

"मी तुमच्याकडे बघितलं होतं."

"मला आठवतंय."

"आणि गप्प बसलात."

"हो."

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. रडत नव्हत्या. संतापल्या होत्या, आणि तो संताप मला बरा वाटला, कारण तो योग्य माणसावर होता. त्या ओट्याकडे वळल्या होत्या, तशाच परत फिरल्या. "चहा टाकणार होते. आता नाही टाकत. त्यांना सांगितलंत हे?"

"नाही."

"मग मला काय सांगता? लावा फोन. माझ्यासमोर लावा."

मी फोन लावला. पास्कलच्या मागे कुठलीशी मोटर घरघरत होती.

"बोल रे दत्तू."

"पास्कल, ते मुलुंडचं... ड्रमची झाकणं मी उघडली नव्हती. एकदाही नाही. तीन दिवस न बघता अठरा म्हणालो."

मागची मोटर बंद झाली. त्याने ती बंद केली असावी. मी वाट बघत उभा राहिलो. शिव्या दिल्या असत्या तर ऐकल्या असत्या.

"कुठे आहेस आता?" त्याने विचारलं.

"त्याच बिल्डिंगमध्ये. पाटणकर काकूंच्या घरात. त्यांचं कपाट उतरवायचंय."

"मशीन लागलं?"

"लागलंय."

"मागे किती?"

'अठरा' तोंडात तयार होतं. इतक्या वर्षांची सवय, जिभेवर आपोआप येतं. मी तोंड मिटलं. "थांब," म्हणालो. "मोजून सांगतो."

फोन तसाच चालू ठेवून मी गच्चीवर गेलो. काकू जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी माझ्या मागोमाग येत होत्या. मी त्यांना थांबा म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी त्या थांबल्या नसत्या. शेपटीशी वाकलो. ठोकळे उन्हाने तापले होते. प्रत्येकाला हात लावून आकडा वाचू लागलो, मोठ्याने, पूर्वीसारखा. एक. दोन. तीन. पास्कलने रंगवलेले आकडे कुठे कुठे उडाले होते, तिथे बोटाने चाचपून वाचले. पंधरा. सोळा. अठरा. मी थांबलो. पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"सतरा," मी फोनमध्ये म्हणालो. "सतरा नंबर नाही."

"कुठे गेला?"

मी कठड्यावरून खाली पाहिलं. समोरच्या उतारावर आमचा टेम्पो उभा होता आणि मागच्या चाकाखाली काळा ठोकळा दिसत होता.

"टेम्पोच्या चाकाखाली."

"मग आण," पास्कल म्हणाला. "मी थांबलोय."

मी चार मजले उतरलो. टेम्पोला दगड लावला, ठोकळा खांद्यावर घेतला आणि चार मजले चढलो. साठी उलटल्यावर पंचवीस किलो चार जिने नेताना काय होतं ते सांगत नाही. मजूर मदतीला आले, मी नको म्हटलं. शेपटीवर ठोकळा ठेवला, आणि तरीही पहिल्यापासून सगळ्यांना पुन्हा हात लावला. मला बोलायला दम उरला नव्हता. काकू पाण्याच्या टाकीला टेकून माझ्याकडे बघत होत्या.

"अठरा," मी म्हणालो.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग चालव," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

कपाट सुखरूप खाली उतरलं, आरशाला चरासुद्धा गेला नाही. काकूंनी चहा मात्र दिला नाही.